कामटी ते कर्णफूल : बांबूच्या दागिन्यांकडे वळलेले वास्तुरचनाकार

संक्रांत आठवड्यावर आली की दादरच्या दुकानांत काळ्या कापडावर हलव्याचे दागिने मांडले जातात. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बाळासाठी मुकुट आणि बासरी, सगळे साखरेच्या काटेरी दाण्यांचे. सुनेची पहिली संक्रांत किंवा बाळाचे बोरनहाण पार पडले की त्यांचे काम संपते. डोहाळजेवणातल्या फुलांच्या दागिन्यांचेही तसेच. दागिना धातूचाच असावा, असा हट्ट मराठी घरांनी धरलेला नाही. मात्र जो धातूचा नाही तो एका दिवसाचा, हा संकेत पक्का आहे. बांबूचा दागिना नेमका या संकेतापाशी अडतो. तो रोज घालायचा असतो, घाम आणि पाऊस सोसायचा असतो. शिवाय विकणाऱ्याने ‘टिकाऊ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरलेला असतो : वस्तू टिकेल आणि निसर्गही टिकेल.

हे दागिने घडवणाऱ्यांमध्ये अलीकडे वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेली तरुण मंडळी दिसू लागली आहेत. इमारतींचे आराखडे काढायला शिकलेली माणसे कानातल्याच्या आकाराकडे का वळतात, त्यातून बांबूचे आणि बांबूवर जगणाऱ्यांचे काय होते, आणि ‘पर्यावरणस्नेही’ हा दावा कितपत खरा, यावर बरीच मते मांडली जातात. ही चर्चा आज कुठे उभी आहे, हे क्रमाने पाहू.

सूप, दुरडी आणि तिरडी

मुंबईला बांबू नवा नाही. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आलेल्या घरांत गौरीच्या सणाला नव्या नवरीचा ओवसा सुपात भरतात. लग्नात पाठवणीआधी ‘झाल’ होते, तेव्हा पेटत्या दिव्यांची वेळूची दुरडी वरपक्षाच्या मंडळींच्या डोक्यावर टेकवतात. पाडव्याची गुढी वेळूच्या काठीवर चढते. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीपूर्वी जे आकाशकंदील लटकतात, त्यांच्या पारंपरिक घडणीचा सांगाडा कामट्यांचा, म्हणजे चिरलेल्या बांबूच्या पट्ट्यांचा, असतो. गणपतीचा मांडव बांबूवर उभा राहतो. शेवटची तिरडीही बांबूचीच.

या वस्तूंमागे पिढ्यान्‌पिढ्या बुरूड समाजाचा हात आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत या समाजाचा समावेश आहे, आणि बाराव्या शतकातले बसवेश्वरांच्या काळातले शरण मेदार केतय्या यांना तो आपला पूर्वसूरी मानतो. काठी कुठे चिरायची, पेर कसे सांभाळायचे, वरची चिवट साल आणि आतला मऊ भाग वेगळा कसा करायचा, हे ज्ञान वहीत नाही, हातात आहे. सूप, रोवळी, परडी, करंडी, डालगे, कणगी, इरले अशी त्याची मोठी वंशावळ आहे. तिच्यात दागिना मात्र नाही.

भारतात बांबू-वेत अंगावर घालण्याची रीत ठळकपणे दिसते ती ईशान्येत. तिथल्या काही जमातींत वेताची कडी आणि कानात बांबूच्या नळ्या घातल्या जात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले एम. पी. रंजन, नीलम अय्यर आणि घनश्याम पंड्या यांनी ईशान्येच्या बांबू-वेतकामाचा मोठा सचित्र ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी बांबूकडे गंभीरपणे पाहावे, यासाठी त्या ग्रंथाने पाया घातला. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या औद्योगिक आरेखन केंद्रात प्रा. ए. जी. राव यांनी बांबूच्या वस्तूंवर दीर्घकाळ काम केले. आजचा बांबूचा दागिना घरातल्या परंपरेपेक्षा डिझाइन शाळांच्या या वाटेने आपल्याकडे आला.

इमारत आणि अलंकार : जुने नाते

वास्तुरचनाकाराने दागिना घडवण्यात नवल वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडमधला चार्ल्स रॉबर्ट अ‍ॅशबी हा पेशाने वास्तुरचनाकार. त्याने १८८८ मध्ये पूर्व लंडनमध्ये कारागिरांचा संघ काढला आणि त्यातून चांदीची भांडी, दागिने घडवले. मोठ्या दुकानांनी त्याच शैलीचा माल यंत्रावर स्वस्तात काढला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस संघ बंद पडला. व्हिएन्नात योसेफ हॉफमान या वास्तुरचनाकाराने कोलोमान मोझरसोबत १९०३ मध्ये ‘वीनर वेर्कश्टेट’ ही कार्यशाळा सुरू केली. तिथल्या दागिन्यांत चांदी आणि साधे खडे असत. मोल धातूचे नसून रचनेचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९३२ पर्यंत ती चालली. तिची एक पद्धत पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे : वस्तूवर रचनाकाराची मुद्रा असे आणि ती प्रत्यक्ष घडवणाऱ्या कारागिराचीही.

मुंबईतही या विचाराचे धागे सापडतात. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये वास्तुशिल्प शिकवायला आले. विल्यम इमर्सनने आखलेल्या क्रॉफर्ड मार्केटवरचे उठावशिल्प त्यांचेच. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुले झाले, आणि त्याच्या मूळ संग्रहात कारागिरीच्या वस्तूंना मानाची जागा होती. पुढे वास्तुरचनेचे शिक्षण स्वतंत्र होत गेले. जे. जे.च्या आवारात तिचे महाविद्यालय उभे राहिले, प्रभादेवीत रचना संसदेने १९५५ मध्ये वास्तुरचनेची अकादमी सुरू केली. चित्रकार, धातुकाम करणारा आणि इमारत आखणारा यांचे वर्ग वेगळे झाले. दागिन्याकडे वळणारे आजचे पदवीधर ही भिंत उलट्या बाजूने ओलांडत आहेत, असे म्हणता येईल.

जगभर प्रसिद्ध वास्तुरचनाकारांनी दागिने आखले आहेत. फ्रँक गेरी यांनी २००६ मध्ये टिफनीसाठी केलेली मालिका सर्वपरिचित आहे. पण बांबूच्या संदर्भात त्याहून बोलके उदाहरण उलट दिशेचे आहे. बालीत दागिन्यांचा व्यवसाय उभारणारे जॉन हार्डी त्यातून बाहेर पडले आणि त्यांनी २००८ मध्ये बांबूच्या इमारतींतली ‘ग्रीन स्कूल’ सुरू केली. त्यांची मुलगी एलोरा हार्डी यांची संस्था बांबूची घरे बांधते. तिथे सोनाराने बांबूने इमारती उभारल्या. इथे इमारतवाले बांबूने दागिने घडवतात.

गवत की झाड : कायदा आणि संस्था

वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात मात्र तो झाडाच्या व्याख्येत बसवला गेला, आणि खासगी जमिनीवरचा बांबू तोडायला, वाहून न्यायलाही परवान्याची कटकट लागली. २०१७ मधल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला होता. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने त्या आधारे सामूहिक वनहक्क मिळवला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ही घटना देशभर गाजली.

संस्थांचे जाळेही तयार झाले. कुडाळला २००४ पासून ‘कोनबॅक’ हे केंद्र कोकणातल्या बांबूवर काम करते. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी ‘संपूर्ण बांबू केंद्र’ उभारले; तिथल्या बांबूच्या राख्या दूरवर पोहोचल्या. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला राज्य शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. चंद्रपूरच्याच मीनाक्षी वाळके यांनी बांबूच्या राख्या आणि दागिने घडवण्याचे काम नावारूपाला आणले. मुंबईचा रचनाकार बांबूकडे वळतो तेव्हा शिकायला त्याला शहराबाहेरच, कोकणाकडे किंवा विदर्भाकडे, पाहावे लागते.

भारतीय वनस्थिती अहवाल २०२३ नुसार देशातले बांबूक्षेत्र १,५४,६७० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे कच्च्या मालाची टंचाई हा या व्यवसायापुढचा प्रश्न नाही.

आर्किटेक्ट इकडे का येतात

पहिले कारण प्रशिक्षणातले आहे. वास्तुरचनेचा विद्यार्थी पाच वर्षे पुठ्ठा, बाल्सा, तारा कापून लहान प्रतिकृती करतो. सांधा कुठे ताण घेईल, पातळ पट्टी किती वाकेल, पोकळीतून सावली कशी पडेल, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. बांबूचा झुमका हा त्याच्या दृष्टीने एक छोटा सांगाडाच असतो.

दुसरे कारण मुंबईचे आहे. बांबूने बांधायचे स्वप्न घेऊन बाहेर पडलेल्याला या शहरात तशी संधी क्वचित मिळते. राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूवर स्वतंत्र विभाग आहे, बांबूच्या संरचनांसाठी आयएस १५९१२ हे मानकही आहे. पण गिरणगावाच्या जमिनीवर उभे राहतात ते टॉवर, आणि तिथे बांबूची जागा परांचीत. आगीची धास्तीही निराधार नाही : फेब्रुवारी २०२२ मध्ये चिचपल्लीच्या केंद्राची बांबूची इमारत आगीत जळाली. प्रक्रिया केलेल्या बांबूचे मोठे प्रयोग होतात. वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटरचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसवला गेला, बंगळूर विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या छताला बांबू वापरला गेला. अशी कामे तरुणाच्या वाट्याला यायला मात्र वर्षे जातात. दागिना त्याला आज, स्वतःच्या नावावर, कुठल्याही परवानगीवाचून करता येतो.

तिसरे कारण कमी बोलले जाते. मोठ्या कार्यालयात जिने आणि न्हाणीघरांचे तपशील काढत बसलेल्याला आपल्या हातून पूर्ण झालेली एक तरी वस्तू हवी असते.

काठीचा स्वभाव

दागिना टिकेल की नाही, हे पुष्कळसे काठीच्या जातीवर आणि तोडणीवर ठरते. विदर्भात मानवेल आणि कटांग, कोकणात माणगा आणि चिवा. माणगा जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा, म्हणून मणी, लोलक, कोरीव तुकडे यांना सोयीचा. पोकळ जाड काठी आडवी कापली की कडे निघते, बारीक काठी कापली की बाळी किंवा अंगठी. कामटी आचेवर धरून वाकवता येते, पण तंतू उभे असल्याने चुकीच्या जागी जोर दिला की ती लांबीभर फाटते.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे भुंगा. काठीतल्या पिष्टावर तो जगतो. म्हणून कोवळी काठी न तोडता तीन-चार वर्षांची, पावसाळा सरल्यावर तोडायची, असा नियम. अंधाऱ्या पक्षात तोडण्याची जुनी रीत आजही अनेक जण पाळतात. त्यानंतर पाण्यात मुरवणे, धुरी देणे किंवा बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या द्रावणात बुडवणे हे उपाय. मुंबईच्या दमट हवेत दुसरा शत्रू बुरशी. त्यामुळे वरून लेप द्यावा लागतो, आणि इथूनच वाद सुरू होतो.

चार भूमिका

पहिली भूमिका रचनाकारांची. बांबू स्वस्त आहे म्हणून दागिनाही स्वस्त हवा, ही अपेक्षा त्यांना मान्य नाही. किंमत कल्पनेची, मोजमापाच्या अचूकपणाची आणि वाया गेलेल्या नमुन्यांची असते. प्लास्टिकच्या टोपल्यांनी सुपाचा बाजार खाल्ला. त्याच काठीला नवे गिऱ्हाईक मिळाले तर कारागिराचाच फायदा, असे ते म्हणतात. व्हिएन्नाच्या कार्यशाळेचा दाखला त्यांच्या बाजूने आहे.

दुसरी भूमिका कारागिरांच्या बाजूची. तिचे म्हणणे असे की काठी ओळखणे, चिरणे, कामटी काढणे हे अर्धे काम फुकटात गृहीत धरले जाते. मजुरी नगावर, नाव मात्र आखणाऱ्याचे. प्रश्न जातीचाही आहे : तेच काम बुरुडाने केले तर ‘टोपलीवाला’, पदवीधराने केले तर ‘डिझायनर’. मेळघाट आणि चंद्रपूरचे प्रयोग दाखवून ही बाजू म्हणते की गावातला माणूस स्वतः रचना करू शकतो, मधल्याची गरज नेहमीच नसते. यावर रचनाकारांचे उत्तर असे की शहरातले गिऱ्हाईक, छायाचित्रण, प्रदर्शनाचे भाडे आणि परत आलेला माल यांचा भार कोणीतरी उचलावा लागतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

तिसरी भूमिका पर्यावरणाच्या अभ्यासकांची, आणि ती दोन्ही बाजूंना थोडी अवघड जाते. कानातल्याची एक जोडी काही ग्रॅमची. एका पक्व काठीतून अशा शेकडो जोड्या निघतील. म्हणजे दागिन्यांमुळे बांबूची लागवड वाढेल, हा दावा वजनातच टिकत नाही. लाभ असेल तर तो खाणीतला धातू किंवा प्लास्टिक किती वाचले, यात. पण त्याच दागिन्यावर इपॉक्सी, पॉलियुरेथेनचा लेप आणि मुलामा दिलेली पितळी आकडी असेल, तर तो मातीत मिसळणारा राहत नाही. लाखेचा किंवा तेलाचा लेप हा पर्याय आहे. तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

चौथी भूमिका गिऱ्हाइकाची, बहुधा न बोललेली. गिरगावातून झवेरी बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ ही घरची पुंजी असते. अडीनडीला सोने मोडता येते. बांबू मोडला तर मोडला. म्हणून त्याची खरी स्पर्धा सोन्याशी नाहीच, ती दादरच्या रानडे रोडवरच्या नकली दागिन्यांशी आहे, आणि तिथे तो महाग ठरतो. शिवाय ज्या बांबूने तिरडी बांधतात तो गळ्यात कसा घालायचा, असा संकोच काही घरांत अजून असतो. तरुण पिढीत तो ओसरताना दिसतो, कारण तिने सूपही क्वचितच हाताळलेले असते.

न सुटलेले प्रश्न

‘हाताने घडवलेला’ म्हणजे नेमके काय, यावर एकमत नाही. वास्तुरचनाकार संगणकावर आकृती काढतो, लेझरने बांबूची पातळ पट्टी कापून घेतो आणि हाताने जोडतो. कारागिराच्या दृष्टीने त्यात काठीचा स्वभाव वाचण्याचे कामच उरलेले नसते. रचनाकार म्हणतो, करवत तरी हाताची कुठे असते? सीमारेषा कुठे आखायची, हे ठरलेले नाही.

दुसरा प्रश्न नकलेचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, ज्या रचनेची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, ती औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक वेळा उतरवली गेली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी करायची तर खर्च, न करायची तर अ‍ॅशबीच्या संघासारखी गत. आणि ज्या विणीवर नवी रचना उभी आहे ती वीण बुरुडाच्या परंपरेतली असेल, तर नोंदणी कोणाच्या नावे, याला कायद्याकडे सरळ उत्तर नाही.

तिसरा प्रश्न ओळखीचा. सोन्याच्या दागिन्यावर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, त्यावर सहा अक्षर-अंकांचा सांकेतिक क्रमांक असतो. बांबूच्या दागिन्याला काठीची जात, प्रक्रिया, लेप यांपैकी काहीच सांगण्याचे बंधन नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत; त्यांत सोनार आहे, टोपली-चटई-झाडू करणाराही आहे. बांबूचा दागिना घडवणारा या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे.

चौथा प्रश्न दुरुस्तीचा. सोनाराकडे तुटलेली कडी जोडून मिळते, पाटल्या उजळून मिळतात. बांबूचे कानातले पावसाळ्यात काळवंडले तर न्यायचे कुठे? ज्या वस्तूला दुरुस्तीचे दुकान नाही, तिला टिकाऊ म्हणणे अर्धवट ठरते.

ताळेबंद

एकंदरीत पाहता, बांबूचा दागिना कौशल्याने घडू शकतो आणि योग्य प्रक्रियेने काही वर्षे वापरता येतो, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वास्तुरचनाकारांनी त्याला आकाराची शिस्त आणि नवे गिऱ्हाईक दिले, हेही मान्य करावे लागेल. पर्यावरणाचा दावा माफक प्रमाणात खरा आहे आणि लेपागणिक बदलतो. हिशेब अपुरा आहे तो माणसांचा : काठी चिरणाऱ्याला किती मिळते, त्याचे नाव कुठे लागते, पुढची पिढी या कामात थांबते का.

गिऱ्हाइकाला यात करण्यासारखे थोडे का होईना आहे. पुढच्या वेळी प्रदर्शनात बांबूचे कानातले हातात घ्याल तेव्हा तीन गोष्टी विचारा : काठी कुठली, लेप कसला, आणि कामटी कोणी काढली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडे बहुधा तयार असतात. तिसऱ्याचे उत्तर व्हिएन्नात १९०३ सालीच दागिन्यावर ठोकून दिले जात होते.